संगणक विज्ञान, सहावी-सातवी: प्रकल्प नोंदी, २०२५-२६

१६ जून २०२५

आज शाळा उघडली. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. पट शंभराच्या आत. सहावी-सातवी मिळून २३ मुलं, आणि हे दोन्ही वर्ग माझ्याकडे. यंदा या मुलांना संगणक विज्ञान शिकवायचं.

मुख्याध्यापकांनी कार्यानुभवाच्या आठवड्यातल्या दोन तासिका त्यासाठी दिल्या आणि वेळापत्रकात तसं लिहिलं. मी लिहून घेण्याचा आग्रह धरला होता. सर्वेक्षण आलं, अहवाल मागितला, पाहुणे आले की सगळ्यात आधी बुडतो तो तास, ज्याचं नाव भिंतीवरच्या वेळापत्रकात नसतं.

सामान: जुन्या एका योजनेतून आलेले दोन डेस्कटॉप. त्यातला एक चालू होतो. इंटरनेट नाही. मोबाइलला रेंज मिळते ती मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर.

मार्चअखेर प्रत्येक मुलाला स्वतःचा दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम लिहिता यावा, तो दुसऱ्याला समजावता यावा आणि दुसऱ्याच्या प्रोग्राममधली चूक शोधता यावी, एवढं ठरवलं आहे. पालकांनी विचारलं, "म्हणजे एमएस-सीआयटीच ना, मॅडम?" प्रश्न रास्त आहे. गेली वीसेक वर्षं गावोगावी कॉम्प्युटर शिकणं म्हणजे तोच कोर्स. मी सांगितलं, त्यात संगणक वापरायला शिकवतात. इथे मुलं संगणकाला काम सांगायला शिकतील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम घ्या असं म्हटलेलं आहे, तेही वाचून दाखवलं.

२ जुलै

पाऊस लागून राहिला आहे, वीज सकाळपासून नाही. आजचा तास व्हरांड्यात, कागदावर.

पाच पुठ्ठे. त्यांवर १६, ८, ४, २, १ असे ठिपके. पाच मुलं ओळीने उभी. पुठ्ठा समोर धरला तर ठिपके मोजायचे, उलटा केला तर नाही. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाशिवाय संगणक विज्ञान शिकवण्याचे जे खेळ तयार केले, त्यातला हा बहुधा सगळ्यात जास्त खेळला गेलेला. आम्ही जन्मतारखा घेतल्या. २७ तारीख: १६, ८, २ आणि १ उघडे, ४ झाकलेला. उघड्याला १, झाकलेल्याला ०: वहीत ११०११.

सहावीतल्या एका मुलीने न विचारता सांगितलं की कोणत्याही पुठ्ठ्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके मिळवले तरी ते त्या पुठ्ठ्यापेक्षा एकाने कमीच भरतात. म्हणून प्रत्येक संख्या एकाच पद्धतीने मांडता येते, दुसऱ्या नाही. हे तिने फळ्यावर येऊन पटवून दिलं. मग बोटांवर मोजणं सुरू झालं: एका हातावर ३१ पर्यंत, दोन्ही हातांवर १०२३ पर्यंत. मधल्या सुट्टीतही चालू होतं.

१५ जुलै

आवणी सुरू आहे, निम्मी मुलं खाचरात. हजेरीवरून कुणालाही बोलायचं नाही, हे मी दरवर्षी पाळते.

जी आली त्यांना काम दिलं: आवणी कशी करायची ते अशा माणसासाठी लिहा, ज्याने भाताचं रोप पाहिलेलंही नाही. एका गटाने लिहायचं, दुसऱ्याने प्रत्येक वाक्याला "म्हणजे किती?" आणि "नसेल तर?" विचारायचं. "थोडं अंतर ठेवून लावा" याचं "एक वीत अंतर ठेवा" झालं. मग कुणाची वीत, यावर वाद. "चिखलणी झाली की लावा" याच्या आधी "पाणी साचलं नसेल तर थांबा" आलं. "बांधापर्यंत पुन्हा पुन्हा तेच करा" हे वाक्य त्यांनी आपणहून लिहिलं. अट आणि आवर्तन या दोन्ही गोष्टी मुलांच्या हातात आल्या. त्यांची नावं मी नंतर सांगितली.

७ ऑगस्ट

केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत या कामाबद्दल बोलले. एक आक्षेप आला, तोही मनापासून: मुलांना धड वाचता येत नाही, तिथे संगणकाचं काय घेऊन बसलात? माझ्या वर्गात वाचनात मागे असलेली मुलं आहेत आणि त्यांच्यासाठी रोज वेगळा वेळ देतेच. पण आवणीच्या सूचना लिहिताना तीच मुलं एकेक ओळ तीन-तीनदा वाचत होती, कारण चूक पकडायची होती. वाचनाचा कंटाळा तिथे दिसला नाही.

दुसरं मत मला जास्त खटकलं. कुणी म्हणालं, मग कागदावरच शिकवा की, यंत्रांची गरज काय? एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा सीएसपाठशाला हा उपक्रम २०१६ पासून असंच संगणकाविना शिकवण्याचं साहित्य देतो, मराठीतही देतो. ते मी वापरते आणि सगळ्यांनी वापरावं. पण कागद ही सुरुवात आहे. शहरातल्या मुलाने यंत्रावर प्रोग्राम चालवून बघायचा आणि आमच्या मुलांनी तो वहीत लिहून ठेवायचा, ही वाटणी मला मान्य नाही. आपण लिहिलेलं चालतं की अडतं, हे यंत्र लगेच सांगतं. मॅडमच्या शेऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

२० ऑगस्ट

घरून बियाणं मागवलं. वाल, घेवडा, हुलगा, उडीद, नागली, वरई, भाताचे दोन-तीन प्रकार. कोंभाळणं आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे तिथल्या, देशी वाण जपणाऱ्या बीजमाता राहीबाई पोपेरे मुलांना पाठ्यपुस्तकातून कळाव्या लागत नाहीत; दोन-तीन घरांत तिकडचं वाण आहे.

खेळ: एकाने मनात बी धरायचं, बाकीच्यांनी फक्त हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. सुरुवातीला "वाल आहे का?", "उडीद आहे का?" असा एकेक अंदाज. थोड्या वेळाने एक मुलगा म्हणाला, निम्मी उडतील असं विचारा. मग "तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठं आहे का?" आठ प्रकारांना तीन प्रश्न पुरले, सोळांना चार पुरतील हे त्यांनी पुठ्ठ्यांवरून ओळखलं. प्रश्नांचं झाड चार्टपेपरवर काढून वर्गात लावलं आहे.

९ सप्टेंबर

देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यू-डायस प्लसचा २०२४-२५ चा अहवाल गेल्या महिन्यात आला. देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणक, ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट. आदल्या वर्षी हेच आकडे ५७.२ आणि ५३.९ होते. वाढ चांगलीच आहे.

आमची शाळाही संगणक असलेल्या शाळांत मोजली जाते. एक डेस्कटॉप आणि २३ मुलं. तासिका चाळीस मिनिटांची. वाटून दिली तर एकाला दोन मिनिटंही येत नाहीत. मुलाच्या हातात आठवड्याला किती मिनिटं यंत्र येतं आणि त्याला शिकवणारं कुणी आहे का, हे दोन रकाने त्या फॉर्ममध्ये असते, तर चित्र पुष्कळ वेगळं दिसलं असतं.

११ ऑक्टोबर

मोठी बातमी. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने आठ जुने लॅपटॉप आणून दिले. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि नवीन प्रोसेसर लागतो, म्हणून कार्यालयं चालती यंत्रं काढून टाकत आहेत. आमच्यासारख्या शाळांनी हीच वेळ साधावी. आजूबाजूच्या शाळांनाही कळवलं आहे.

एकाची बॅटरी फुगलेली निघाली. ते यंत्र चार्जिंगला न लावता वेगळं ठेवलं, बॅटरी काढून घेतल्याशिवाय वापरायचं नाही. उरलेल्या सातांवर लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीची हलकी आवृत्ती टाकली. ४ जीबी मेमरीवर व्यवस्थित चालते.

खर्चाचं: आमच्या पटाला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,००० रुपये, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. त्यातूनच खडू, डागडुजी, वीजबिल. तरी मुख्याध्यापकांनी दोन चार्जर आणि चांगल्या प्रतीचे एक्स्टेंशन बोर्ड बसवले.

३ नोव्हेंबर

सुट्टी संपली. आजपासून कळफलक.

इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कळफलकाची मांडणीच शिकवायची असं ठरवलं आहे. रोमन अक्षरांत मराठी टाइप करणं मुलांना मोबाइलमुळे येतं, पण त्यासाठी आधी इंग्रजी स्पेलिंग जमवावं लागतं आणि तिथेच निम्मी मुलं मागे पडतात. इन्स्क्रिप्ट भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाणित केलं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क ची कळ शिफ्टबरोबर दाबली की ख, ग ची दाबली की घ, त ची की थ, द ची की ध. सातवीला मराठी व्याकरणात अल्पप्राण-महाप्राण सांगितलं होतं, ते आज बोटांना कळलं. तक्ता मुलांनीच रंगवला. आठवडाभर रोज परिपाठानंतर दहा मिनिटं सराव.

२० नोव्हेंबर

बेब्रासची परीक्षा दिली. संगणकासारखा विचार करता येतो का हे बघणारी, २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झालेली ही स्पर्धा आता कितीतरी देशांत होते. भारतात ती विनाशुल्क आहे, मराठीत देता येते आणि आधीचं संगणकाचं ज्ञान लागत नाही. देवळाच्या ओट्यावर मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून, तुकड्या पाडून घेतली. प्रश्न चित्रांचे, कोड्यांसारखे. मुलं खूश होती. पुढच्या वर्षी पाचवीलाही बसवायचं.

२ डिसेंबर

आज पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. मी एक छोटी फाइल तयार करून सगळ्या यंत्रांवर ठेवली आहे. तिच्यात पडद्यावर रेघ काढत फिरणाऱ्या कासवाच्या आज्ञांना मराठी नावं दिली आहेत: पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे, पेनवर, पेनखाली. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. आधी थॉनी हे संपादक लावलं होतं, पण लिनक्सवर त्यात जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळून दिसेनात. जीनी या दुसऱ्या संपादकात व्यवस्थित दिसतात, म्हणून तेच ठेवलं.

"पुढे" नंतर कंसात शंभर, "उजवीकडे" नंतर कंसात नव्वद. पहिल्याच ओळीला सगळ्यांची गाडी अडली, कारण मुलांनी आकडे मराठीत टाइप केले होते. नावं मराठीत चालतात तर आकडे का नाहीत? पायथनच्या व्याकरणात थेट लिहिलेली संख्या ० ते ९ च्या इंग्रजी चिन्हांतच लागते. पण तीच १०० ही संख्या अवतरणचिन्हांत ठेवून "इंट" या आज्ञेला दिली, तर ती त्याला बरोबर कळते. दोन्ही करून दाखवलं. आकड्यांसाठी कळफलकाची मांडणी बदलायची सवय आता लावावी लागेल.

चौकोन झाला. मग आवर्तनासाठी "फॉर" आणि "रेंज" हे शब्द जसेच्या तसे घेतले. सगळंच मराठीत करायचा अट्टहास नाही. मुलांना पुढे जगाच्या पायथनमध्ये जायचं आहे, मराठी नावं ही पहिल्या पायरीसाठी. षटकोनाला किती अंशांत वळायचं, हे तिघांनी चुकत-चुकत काढलं. कासव पूर्ण फिरून मूळ दिशेला येतं, म्हणून ३६० भागिले बाजू, हे सातवीतल्या मुलीने सांगितलं. भूमितीच्या तासाला हेच सांगायला मला किती वेळ लागला असता.

१९ डिसेंबर

काही दिवस बघते आहे: एका यंत्रावर तिघं बसली की कळफलक मुलाकडे जातो आणि मुलगी वहीत उतरवून घेते. कुणी सांगितलेलं नसतं, तरी होतं. आजपासून नियम: एक लिहिणार, एक सांगणार, एक चुका शोधणार. दर दहा मिनिटांनी घंटा, घंटेला जागा बदलायच्या. सांगणाऱ्याने कळफलकाला हात लावायचा नाही. शिवाय शनिवारी शाळा सुटल्यावर पहिला अर्धा तास यंत्रं फक्त मुलींना. मुलांनी कुरकुर केली. नियम राहील.

८ जानेवारी २०२६

आजचा तास या वर्षातला सगळ्यात चांगला.

पायथनमध्ये "लेन" ही आज्ञा शब्दाची लांबी सांगते. "शाळा" ची लांबी किती? सगळे म्हणाले दोन. यंत्र म्हणालं चार. मी काही सांगितलं नाही, वर्गाकडे सोपवलं. "आई" दोन. "गाव" तीन. "घर" दोन. एकेकाने आपापलं नाव टाकून पाहिलं. "कृष्णा" सहा, तिथे गोंधळ वाढला. मग सहावीतली तीच पुठ्ठ्यांवाली मुलगी म्हणाली, "मॅडम, शाळा लिहायला आपण कळाच चार दाबतो." श, काना, ळ, काना.

तिथून युनिकोडवर आलो. प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक. देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा, आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणारं चिन्ह यांना स्वतंत्र जागा. "ऑर्ड" ही आज्ञा तो क्रमांक सांगते: क २३२५, ख २३२६, ग २३२७, घ २३२८. मुलांनी पुढचे क्रमांक न बघता सांगायला सुरुवात केली. बाराखडी भिंतीवर लावलेलीच होती. "कृष्णा" मग वहीत फोडला: क, ऋकार, ष, पाय मोडणारं चिन्ह, ण, काना. सहा बरोबर. "शाळा" उलटा छापून पाहिला तर काना सगळ्यात आधी आला, धरायला अक्षर नाही, अधांतरी. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

हा तास इंग्रजी शब्दांवर झालाच नसता. तिथे चार अक्षरं म्हणजे चार, विचारायला काही उरत नाही. आमच्या मुलांच्या भाषेनेच त्यांना एक खरा, खोल प्रश्न दिला: आपण ज्याला अक्षर म्हणतो आणि यंत्र ज्याला चिन्ह म्हणतं, ते एकच आहे का? मोठ्या कंपन्यांत बसलेल्या प्रोग्रामरांनाही या प्रश्नाशी झगडावं लागतं. मराठी मुलांना संगणक विज्ञान द्यायचं, तर मराठी ही अडचण मानून तिला वळसा घालायची गरज नाही. तिच्यातूनच आत जाता येतं.

१९ जानेवारी

क्रम लावणं. आधी मैदानात फक्कीने, हातात एकेक संख्या घेतलेल्या सहा जणांसाठी रेघांचं जाळं आखलं. दोन जण गोलात भेटतात, लहान संख्या डावीकडे, मोठी उजवीकडे. सहाही जण शेवटी क्रमाने बाहेर येतात. एकाच वेळी तीन जोड्या भेटू शकतात हे लक्षात आल्यावर शर्यत लागली.

मग यंत्रावर शब्द: कावळा, काम, काळा, काजवा. भंडारदऱ्याकडच्या मुलांना काजवा सांगावा लागत नाही. पायथनने लावलेला क्रम: काजवा, काम, काळा, कावळा. एका मुलाने हात वर केला: काळा शेवटी हवा, ळ तर ह च्या नंतर येतो. बरोबर. आपल्या वर्णमालेत ळ शेवटाकडे, पण युनिकोडमध्ये ल २३५४, लगेच ळ २३५५, आणि व हे अक्षर त्यानंतर. युनिकोडची देवनागरी इस्की या १९८८ च्या भारतीय मानकावरून घेतली आहे, आणि निरनिराळ्या भारतीय लिप्यांतली समान अक्षरं समान जागी यावीत अशी त्याची रचना. म्हणजे यंत्र चुकलं नाही. त्याला मराठी शब्दकोशाचा क्रम कुणी सांगितलेला नाही. "मग आपण सांगू," असं वर्गच म्हणाला. सगळी वर्णमाला एका ओळीत लिहायची, प्रत्येक अक्षराचा त्या ओळीतला क्रमांक घ्यायचा आणि त्यावरून लावायचं. सातवीच्या चौघांनी सोमवारपर्यंत करून आणलं. कावळा काळ्याच्या आधी आला.

२६ जानेवारी

ग्रामसभेत मुलांनी काम दाखवलं. एका मुलीने गावातल्या वाड्यांची नावं मराठी क्रमाने लावणारा प्रोग्राम चालवला. ग्रामसेवकांनी तिथेच विचारलं की मतदार यादीला हे चालेल का. तिने सांगितलं, जोडाक्षरांचं अजून तपासायचं आहे. इन्व्हर्टरची मागणी पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यायची असं ठरलं. ठरावाची प्रत मागितली आहे.

१२ फेब्रुवारी

दिवाळीनंतर नारायणगावकडे आईवडिलांबरोबर कामाला गेलेला सातवीतला मुलगा परतला. मधला सगळा पायथन बुडाला आहे. पण पावसाळ्यातली वही त्याच्याकडे आहे, आणि प्रश्नांचं झाड त्याने तिकडच्या मुलांना शिकवलं. त्याला शनिवारी जादा वेळ देते आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला कुठल्याही शाळेत हाच विषय, याच टप्प्यावर मिळाला तरच त्याचं वर्ष वाचेल, आणि ते एका शाळेच्या हौसेवर होणार नाही.

रायगडमध्ये कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत २००७ मध्येच प्रत्येक मुलाला लॅपटॉप मिळाला होता. देशातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी तो. तिथल्या मुलांनी खूप काही केलं, पण अशा प्रयोगातून राज्याच्या वेळापत्रकात तासिका आली नाही. केरळने दुसरी वाट धरली. २००१ पासून सरकारचा आयटी@स्कूल प्रकल्प, २०१७ पासून त्याचंच काईट. शाळांत मुक्त सॉफ्टवेअर, स्वतःच्याच शिक्षकांना प्रशिक्षण, दहावीच्या परीक्षेत आयटी. २०२५ पासून दहावीला रोबोटिक्सही. तिथे हा विषय कुणा एका शाळेचा राहिला नाही. मला हवं आहे ते हेच: तासिका, शिक्षक, पाठ्यपुस्तक, आणि नंतर यंत्रं. क्रमही असाच.

६ मार्च

मूल्यमापन सुरू. प्रत्येकाला मी मुद्दाम चूक घातलेला प्रोग्राम दिला, चूक शोधून कारण तोंडी सांगायचं. बहुतेकांना जमलं. चौघांना आवर्तनाच्या आत काय आणि बाहेर काय, यात अजून अडतं. पायथनमध्ये ओळ आत ढकललेली त्यांच्या नजरेत भरत नाही. त्यांच्यासाठी ओळींच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत, त्या फळ्यावर सरकवून घेणार.

सातवीची मुलं जूनमध्ये माध्यमिक शाळेत जातील. तिथल्या मुख्याध्यापकांना भेटून प्रत्येक मुलाने काय केलं याची एक पानी नोंद द्यायची आहे, आणि प्रयोगशाळेची वेळ या मुलांना मिळावी अशी विनंती करायची आहे.

केंद्रातल्या दोन शाळांतल्या मॅडम आणि एक सर पुढच्या शनिवारपासून शिकायला येणार आहेत. सुरुवात पुठ्ठ्यांपासून, मग इन्स्क्रिप्ट. मराठी आज्ञांची फाइल पेनड्राइव्हवर देणार. फुगलेली बॅटरी तालुक्याच्या ठिकाणी ई-कचऱ्यात जमा करायची राहिली आहे. जूनच्या वेळापत्रकात पाचवीसाठी आठवड्याला एक तासिका मागितली आहे, लेखी.